घास आणि शब्द : मावळातल्या वाचा-उपचाराचा प्रश्न



स्मृतिव्याख्यानात सहसा मोठे विषय येतात : राज्यघटना, शेती, पाणी, संतसाहित्य. त्या मानाने आजचा विषय लहान वाटेल. ज्या मुलांना बोलता येत नाही, सांगितलेले उमगत नाही किंवा तोंडातला घास नीट गिळता येत नाही, त्यांच्यावरचे उपचार मावळासारख्या तालुक्यात कसे व्हावेत, हा तो विषय. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा तासभर आपल्याला ते पारखून घेता येईल. लहान मुलाचा वाचा-उपचार पुण्यातल्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा मिळणाऱ्या पाऊण तासात होत नाही. तो घरात होतो, रोज होतो, आणि बराचसा जेवणाच्या वेळी होतो. तज्ज्ञाने घरच्यांना शिकवावे, त्यांचे कसे चालले आहे ते अधूनमधून पाहावे आणि चुकत असेल तिथे थांबवावे. हे मान्य केले, तर तज्ज्ञ शहरात बसून राहतो आणि मूल त्याच्याकडे येते ही आजची रीत उलटवावी लागेल. तज्ज्ञाला तालुक्यात यावे लागेल.

वाचा-उपचार म्हटले की बोबडे बोलणारे किंवा अडखळणारे मूल डोळ्यांसमोर येते. त्यालाही इतिहास आहे. मुंबईच्या नायर रुग्णालयात श्रवण व वाचा-उपचाराचा अभ्यासक्रम १९६६ मध्ये सुरू झाला. त्याच सुमारास म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था उभी राहिली, आणि १९८३ मध्ये वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आली. ही वाढ मुख्यतः बहिरेपणाच्या प्रश्नाभोवती झाली, त्यामुळे ‘आधी कान तपासा, मग बोलायला शिकवा’ ही चौकट लोकांच्या मनात पक्की बसली. ती चुकीची नाही. न बोलणाऱ्या प्रत्येक मुलाची पहिली तपासणी आजही कानाचीच व्हायला हवी. मात्र दरम्यान या शास्त्राचे क्षेत्र वाढले. सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम, स्वमग्नता, दुभंगलेला टाळू, अपुऱ्या दिवसांचा जन्म, अशा मुलांचे खाणे-गिळणे हाही त्याच तज्ज्ञाच्या कामाचा भाग झाला. याचे एक कारण आनंदाचे आहे. पूर्वी जी बाळे पहिल्या महिन्यातच दगावत, त्यांतली पुष्कळशी आता वाचतात. महाराष्ट्रानेच हे जगाला दाखवले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले, आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ३९ गावांतले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. वाचलेल्या बाळांपैकी काहींना पुढे दूध ओढायला, घास गिळायला, बोलायला मदत लागते. ती मदत देण्याची जबाबदारी त्यांना वाचवणाऱ्या समाजाचीच आहे.

गिळणे म्हणजे काय, हे जरा जवळून पाहू. नाचणीच्या पेजेचा एक चमचा तोंडात गेला की ओठ मिटतात, जीभ पेज गोळा करून मागे ढकलते, मऊ टाळू वर उठून नाकाची वाट बंद करतो, स्वरयंत्र वर सरकते, त्याचे झाकण पडते, स्वररज्जू मिटतात, श्वास क्षणभर थांबतो आणि पेज अन्ननलिकेत उतरते. घशातला हा सगळा खेळ जेमतेम एका सेकंदाचा. ज्या लोणावळ्यात १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधामाची स्थापना करून श्वासाचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला, तिथल्या श्रोत्यांना श्वास आणि घशाचे नाते वेगळे समजावून सांगायला नको. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ गर्भाच्या साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास जमू लागतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला भूक असते, पण हा मेळ नसतो. आता सेरेब्रल पाल्सी असलेले दोन वर्षांचे मूल घ्या. आजीने पाय पसरले आहेत, मूल त्यांवर उताणे आहे, मान मागे गेली आहे, तोंड उघडे आहे आणि चमचा वरून ओतला जातो आहे. मान मागे पडली की श्वासनलिकेची वाट उघडी राहते आणि पातळ पेज गिळण्याची क्रिया सुरू होण्याआधीच तिथे पोहोचते. मूल ताठरते. घरच्यांना वाटते, हट्ट करते आहे. मग कुणीतरी नाक दाबते, म्हणजे तोंड उघडेल आणि घास जाईल. यात कुणाची माया कमी नाही. फक्त हे बसणे आणि हे भरवणे मुलाच्या जिवाला धोक्याचे आहे.

अशा वेळी तज्ज्ञ काय बदलतो? मुलाला सरळ बसवतो. कंबर आणि गुडघे वाकलेले, पावलांखाली पाट किंवा घडी घातलेली गोधडी, डोके मधोमध आणि हनुवटी किंचित खाली. भरवणारी आई समोर, मुलाच्या नजरेच्या उंचीवर. चमचा लहान आणि उथळ. तो समोरून आणायचा, जिभेवर अलगद दाबायचा आणि मुलाचे ओठ मिटेपर्यंत थांबायचे. वरच्या दातांवर घासून चमचा रिकामा करायचा नाही. पुढचा घास आधीचा गिळून झाल्यावर. एवढ्या सगळ्याला यंत्र लागत नाही. आपल्याकडच्या बोंडल्याचेच उदाहरण पाहा. कमी वजनाच्या बाळाला आईचे काढलेले दूध वाटीने किंवा तशाच चोचीच्या भांड्याने पाजावे, असे आपले आरोग्य कार्यक्रमही सांगतात, आणि बाटलीपेक्षा ते केव्हाही बरे. पण तेच बोंडले उताण्या बाळाच्या घशात भराभर रिकामे केले तर घात होतो. भांडे तेच, फरक बाळाच्या बसण्यात आणि ओतण्याच्या वेगात आहे. हा फरक डोळ्यांनी पाहून आणि हाताने करून शिकावा लागतो. छापील पत्रकातून तो कळत नाही.

अन्नाच्या पोताचेही तसेच. आंतरराष्ट्रीय पातळीवर पेय आणि अन्नाच्या घट्टपणाच्या ० ते ७ अशा पायऱ्या ठरवल्या आहेत. त्यांतल्या पेयांची परीक्षा करायला १० मिलिलीटरची सुई नसलेली सिरिंज आणि घड्याळ पुरते : सिरिंज भरायची, बोट काढायचे आणि दहा सेकंदांत किती उरले ते पाहायचे. आपल्या स्वयंपाकघरात हे सहज बसते. इंद्रायणी तांदळाचा गुरगुट्या भात घोटून एकजीव केला तर त्याचा गोळा तोंडात टिकतो. पातळ वरणात मोकळी शिते टाकली तर वरण आधी पळते, शिते मागे राहतात आणि गिळायला कच्च्या असलेल्या मुलाला ठसका लागतो. सुके पोहे किंवा चुरमुरे तोंडभर पसरतात. आणि चिक्कीच्या या गावात एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी : लहान मुलांच्या श्वासनलिकेत अडकणाऱ्या वस्तूंमध्ये शेंगदाणा जगभर अग्रभागी असतो. चार वर्षांखालच्या कोणत्याही मुलाच्या हातात अख्खे दाणे देऊ नयेत, गिळण्याची अडचण असलेल्याच्या तर नाहीच. घरच्यांनी ओळखायच्या खुणाही अवघड नाहीत. जेवण रोज अर्ध्या तासाहून जास्त चालते. खाताना खोकला येतो किंवा डोळ्यांत पाणी येते. घासानंतर आवाज ओलसर, घुरघुरता होतो. दूध नाकातून येते. वजन वाढत नाही. न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतो. काही मुलांच्या फुप्फुसात अन्न गेले तरी त्यांना खोकलाही येत नाही, म्हणून शेवटची खूण सर्वांत महत्त्वाची. वर्षात दोन-तीन वेळा छाती भरणाऱ्या अशक्त मुलाच्या बाबतीत ‘हवा मानवत नाही’ असे म्हणून थांबू नये. ते मूल जेवते कसे, हे कुणीतरी बसून पाहायला हवे.

आता शब्दाकडे येऊ. घास आणि शब्द एकाच तोंडातून जातात-येतात, म्हणून तोंडाचे स्नायू बळकट केले की मूल बोलेल, असा समज फार पसरलेला आहे. त्याची जुनी रूपे आपल्याला ठाऊक आहेत : जिभेला वेखंड लावणे, मध चाटवणे, जिभेखालची तार कापून घेणे. नवी रूपे शहरी आहेत : शिट्ट्या वाजवणे, फुगे फुगवणे, जिभेची कवायत. वर्षाखालच्या बाळाला मध देणे तर घातक ठरू शकते, कारण त्यातल्या जिवाणूंमुळे बॉट्युलिझम हा आजार होऊ शकतो. जिभेखालच्या पडद्यामुळे अंगावर पिण्यात कधी अडचण येते हे खरे, पण मूल बोलायला लागत नाही याचे कारण तो पडदा नसतो. आणि जिभेच्या कवायतीबद्दल २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात, त्यामुळे बोलणे सुधारते याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. थोडा विचार केला तर हे पटते. मूल ‘काका’ला ‘ताता’ म्हणते, त्याच्या जिभेत ताकद कमी असते म्हणून नव्हे. तीच जीभ घास मागे ढकलताना टाळूला नीट टेकत असते. त्याला ‘क’ आणि ‘त’ यांतला भेद ऐकायला, अर्थाच्या शब्दांत वापरायला आणि त्यावर कुणाचा तरी प्रतिसाद मिळायला हवा असतो. बोलणे बोलण्यानेच येते.

मग घास आणि शब्द यांचा दुवा कोणता? माझ्या मते तो देवाणघेवाणीचा आहे. लहान मुलाच्या दिवसात पाच-सहा वेळा अशी वेळ येते की मोठे माणूस त्याच्या समोर बसते, दोघांचे लक्ष एकाच वस्तूवर असते, मुलाला काहीतरी हवे असते आणि पाळी आळीपाळीने येते. ती वेळ खाण्याची. आई चमचा वर धरून थांबली, मुलाने चमच्याकडे आणि मग आईकडे पाहिले, तर ते मागणे झाले. आईने ‘हवा? घे, भात’ म्हणून घास दिला, तर मागण्याला शब्द मिळाला. दोन वाट्या पुढे धरून ‘केळं की भात?’ असे विचारले तर निवड आली. मुलाने तोंड फिरवले आणि आईने ‘नको? बरं, थांबू या’ म्हटले, तर नकारालाही मान मिळाला. आणि ज्याच्या नकाराला मान मिळतो तेच मूल पुढे आपणहून मागू लागते. नाक दाबून भरवलेल्या घासात यातले काहीच नसते. मोबाइल समोर ठेवून भरवलेल्या घासातही नसते. मूल पडद्याकडे पाहते, तोंड आपोआप उघडते, पोट भरते, पण त्या जेवणात कुणी कुणाशी बोललेले नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पडद्यापुढे बसण्याविषयी मार्गदर्शन केले. त्यात एक वर्षापर्यंत पडदा अजिबात नको, दुसऱ्या वर्षीही तो टाळावा आणि त्यानंतर दिवसाला फार तर एक तास, असे म्हटले आहे. यात मी एकच पुस्ती जोडेन : निदान ताटापुढे तरी नको.

याला पुरावा काय, असे कोणी विचारले तर ते योग्यच आहे. पहिला पुरावा वेळेचा. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात ऐकू न येणाऱ्या १५० मुलांचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे बहिरेपण सहा महिन्यांच्या आत कळले, त्यांची भाषा नंतर कळलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. खाण्याचेही तसेच. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरातल्या मुलांच्या दीर्घ पाहणीत, नऊ महिन्यांनंतरही फक्त गुळगुळीत अन्नावर राहिलेली मुले सातव्या वर्षी कमी प्रकारचे अन्न खात होती आणि त्यांच्या जेवणाच्या तक्रारी जास्त होत्या. दुसरा पुरावा, घरच्यांनी दिलेल्या उपचाराचा. पालकांनी घरी राबवलेल्या भाषा-उपचारांच्या १८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०११ मध्ये आला आणि पालकांना शिकवल्याने मुलांच्या भाषेला फायदा होतो असे त्यात दिसले. तिसरा पुरावा आपल्या शेजारचा. गोव्यातली ‘संगत’ ही संस्था आणि रावळपिंडीतले संशोधक यांनी स्वमग्न मुलांच्या पालकांसाठी केलेला प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६५ मुले होती, आणि शिकवणारे तज्ज्ञ नसून प्रशिक्षण दिलेले सामान्य आरोग्य कार्यकर्ते होते. सहा महिन्यांच्या या शिकवणीनंतर पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुले आपणहून संवाद जास्त सुरू करू लागली. दोघांनी मिळून एका गोष्टीकडे लक्ष देण्याचा वेळ मात्र कमी झाला, हेही त्याच अभ्यासात नोंदले आहे. चौथा पुरावा बांगलादेशातला. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या आयांना भरवण्याचे प्रशिक्षण दिल्यावर मुलांच्या छातीच्या तक्रारी घटल्या, जेवताना सहकार्य वाढले आणि आयांवरचा ताण हलका झाला. वजनातली वाढ मात्र सर्वांत सारखी दिसली नाही. हे अपुरेपण मी मुद्दाम सांगतो आहे. ही पद्धत जादूची नाही. ती उपलब्ध पद्धतींत सर्वांत व्यवहार्य आहे, एवढाच माझा दावा आहे.

प्रश्न किती मुलांचा आहे? देशात पाच ठिकाणी झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, ज्यात उत्तर गोवाही होता, २ ते ६ वर्षांच्या मुलांत मज्जासंस्थेच्या विकासाशी निगडित अडचणींचे प्रमाण ठिकाणानुसार २.९ टक्क्यांपासून १८.७ टक्क्यांपर्यंत आढळले. सर्वांत कमी आकडा धरला तरी शंभर मुलांत तिघे होतात. तीन-चार अंगणवाड्यांच्या पटात अशी तीन मुले आहेत असे धरून चालायला हवे. ती दिसत नसतील तर ती घरात आहेत. त्यांना शोधण्याची यंत्रणा आपल्याकडे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, तोही आपल्या पालघरमधून. त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जाते. टाळू दुभंगणे, बहिरेपण, भाषाविकासातला विलंब हे सगळे त्याच्या तपासणीच्या यादीत आहे. सापडलेले मूल जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे जाते, ते आपल्या जिल्ह्यात औंधच्या जिल्हा रुग्णालयात. इथवर कागद पुढे सरकतो. पुढे मात्र रस्ता लागतो. खांडी-सावळ्याकडची बाई मुलाला कडेवर घेऊन आधी अंदर मावळातून कान्हेफाट्याला येते, तिथून लोकल, मग शहरातली बस. दिवस मोडतो आणि रोज बुडतो. भातलावणीच्या आषाढात ती जाऊच शकत नाही. लोणावळ्यातल्या हॉटेलात किंवा तळेगावच्या कारखान्यात कंत्राटी काम करणाऱ्या बापाला आठवड्याला एक सुट्टी मागितली तर काम टिकत नाही. अशी मुले एकदा तपासून घेतली जातात आणि उपचारावाचून राहतात. तपासणी आणि उपचार यांच्यामध्ये पन्नास-साठ किलोमीटरचे अंतर आहे, आणि ते कापण्याचे काम आपण सर्वांत अशक्त माणसावर सोपवले आहे.

या मांडणीवर जे आक्षेप येतात, त्यांतला पहिला घराघरांत ऐकू येतो : ‘याचा बापही चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता.’ यात तथ्य आहे. दोन वर्षांच्या वयात मागे असलेली पुष्कळ मुले पुढे आपोआप बरोबरीला येतात. पण कोणते मूल येईल आणि कोणते नाही, हे वाट पाहून कळते तेव्हा हाताशी असलेली वर्षे निघून गेलेली असतात. जे मूल सांगितलेले समजते, बोटाने दाखवते, खुणांनी मागते आणि ज्याचे कान ठीक आहेत, त्याच्याबाबत थोडे थांबता येते. ज्याच्यात यांतले काही कमी आहे त्याच्याबाबत थांबणे म्हणजे जुगार. आणि घरी करायचा उपचार म्हणजे समोर बसणे, थांबणे, शब्द देणे. ज्याला त्याची गरज नव्हती असे नंतर ठरले, त्याचेही त्यात काही नुकसान झालेले नसते.

दुसरा आक्षेप तज्ज्ञांचा आणि तो गंभीर आहे : अर्धवट शिकलेल्या माणसाच्या हाती गिळण्याचा प्रश्न दिला तर मूल दगावेल. म्हणून मर्यादा आखायला हवी. अंगणवाडीताई किंवा आशाताईने बसवण्याची पद्धत, चमच्याचा आकार आणि वेग दाखवावा, धोक्याच्या खुणा ओळखाव्यात आणि खूण दिसताच मूल वर पाठवावे. नळीने अन्न घेणाऱ्या मुलाला तोंडाने सुरू करणे, पेय किती घट्ट करायचे ते ठरवणे, निदान करणे ही कामे तिची नव्हेत. गिळण्याची क्ष-किरण तपासणी तर मोठ्या रुग्णालयातच होईल. गडचिरोलीत गावातल्या बाईने नवजात बाळाला इंजेक्शन द्यावे का, यावर याहून मोठी शंका घेता आली असती. नेमके प्रशिक्षण, नियमित देखरेख आणि आकड्यांची नोंद यांनी त्या शंकेचे उत्तर दिले. मर्यादा आखून दिलेले काम धोक्याचे नसते. आज घराघरांत कुणाच्याही देखरेखीविना जे भरवणे चालू आहे, ते धोक्याचे आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो : ‘सगळे शेवटी आईच्याच गळ्यात, आणि उरलेले अंगणवाडीताईच्या.’ हा धोका खरा आहे. घरी करण्याच्या व्यायामांची वीस ओळींची यादी आईच्या हातात देणे म्हणजे तिला नापास होण्याची सोय करून देणे. म्हणून नियम असा हवा की नवे काम द्यायचे नाही, चालू कामात एखाद-दुसरा बदल सुचवायचा. गिळायला अवघड जाणाऱ्या मुलाला भरवण्यात आजच दिवसाचे दोन-तीन तास जातात. नीट बसवल्याने तो वेळ वाढत नाही, बहुधा कमीच होतो. आणि भरवणे हे फक्त बाईचे काम, हे कुठल्याही शास्त्रात लिहिलेले नाही. बाप आणि आजोबा यांना त्या शिकवणीला बसवल्याशिवाय ती पूर्ण झाली असे धरू नये. आशाताईंच्या बाबतीत, बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातल्या गृहभेटी २०१८ पासून ठरलेल्याच आहेत. त्यात ‘एक घास भरवून दाखवा’ ही एक मागणी घालायची आहे. अंगणवाडीसाठी दिव्यांग मुलांविषयीची कार्यपद्धती केंद्राने २०२३ मध्ये दिली आहे. मात्र जास्तीचे काम असेल तर जास्तीचा मोबदला हवा. सेवाभावाच्या नावाखाली या बायकांना फुकट राबवणारी कोणतीही योजना मला मान्य नाही.

चौथा मुद्दा भाषेचा. ठाकर आणि कातकरी घरांत, किंवा तळेगावला परप्रांतातून आलेल्या कामगारांच्या घरांत, अनेकदा सल्ला दिला जातो : ‘गोंधळ नको, मुलाशी शाळेचीच भाषा बोला.’ दोन भाषांमुळे बोलण्यात अडथळा येतो असे संशोधन सांगत नाही. उलट आईला जी भाषा सहज येते ती सोडायला लावली की ती कमी बोलते आणि मुलाचे आणखी नुकसान होते. ज्या मुलाला बोलता येणारच नाही किंवा फार उशिरा येईल, त्याला चित्रांचा फलक किंवा फोनवरचे चित्र-संवादाचे ॲप द्यावे. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात तयार झालेले ‘जेलो’ मराठीतही आहे. चित्रे दिली तर मूल बोलायचे सोडून देईल ही भीतीही निराधार आहे. २००६ च्या एका आढाव्यात, अशी साधने दिलेल्या मुलांपैकी एकाचेही बोलणे कमी झाल्याचे आढळले नाही आणि बहुतेकांचे थोडेफार वाढले. फोनवरून तज्ज्ञाचा सल्ला मिळतो, मग तालुक्यात माणूस कशाला, असेही विचारले जाते. पहिली भेट झाल्यावर पुढचा पाठपुरावा फोनवर जरूर व्हावा. पण मुलाच्या मानेखाली हात नेमका कुठे ठेवायचा, हे पडद्यावरून शिकवता येत नाही.

तेव्हा मागण्या अशा. तालुक्यासाठी एक पूर्णवेळ वाचा-उपचारतज्ज्ञ असावा. कान्ह्याचे सरकारी रुग्णालय हे त्याचे ठिकाण असावे, पण आठवड्यातले निदान तीन दिवस तो अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळात, प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि घरांत असावा. लोणावळा आणि तळेगाव नगरपरिषदांनी आपापल्या दवाखान्यांत त्याला आठवड्यातून एक दिवस जागा द्यावी. प्रत्येक बीटमधल्या अंगणवाडीताई आणि आशाताईंना भरवणे आणि संवाद यांचे प्रात्यक्षिक त्याने द्यावे आणि दर तीन महिन्यांनी ते पुन्हा घ्यावे. नवजात कक्षातून घरी जाणाऱ्या प्रत्येक बाळाची ऐकण्याची चाचणी पहिल्या महिन्यात व्हावी. पैशाचे म्हणाल तर महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करावा, असा शासनाचा आदेश आहे. मार्चअखेरीस वस्तू वाटून तो संपवण्यापेक्षा ग्रामपंचायती, नगरपरिषदा आणि पंचायत समितीने त्यातला काही वाटा एकत्र करून हे पद उभे करावे. ज्यांच्याकडे अजून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्रही नाही अशा एक-दोन वर्षांच्या मुलांसाठी तो खर्च नियमात कसा बसवायचा, हे प्रशासनाने शोधावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाचा आणि भाषेची अक्षमता २१ प्रकारांत मोजली आहे, तेव्हा हक्काचा प्रश्न मिटलेला आहे. आणि इथे बसलेल्या प्रत्येकाला एक विनंती. आपल्या आळीत, वाडीत किंवा सोसायटीत दोन वर्षांचे होऊनही न बोलणारे किंवा जेवताना रोज ठसकणारे मूल असेल, तर ‘होईल हळूहळू’ असे म्हणू नका. त्याच्या घरच्यांना या आठवड्यात आशाताईशी गाठ घालून द्या, आणि येत्या ग्रामसभेत दिव्यांगांसाठीच्या या ५ टक्के निधीचा हिशेब मागा.